माँटेसरीच्या ताईचं पहिलं वर्ष

बारावीनंतर किंवा पदवीनंतर मुलीनं ‘मला माँटेसरीची शिक्षिका व्हायचंय’ असं सांगितलं, की घरात दोन सूर लागतात. ‘लहान मुलांची आवड आहे तिला, छान रमेल’ हा एक आणि ‘एवढं शिकून पोरंच सांभाळायची का?’ हा दुसरा. मुलगा असेल तर दुसरा सूर जरा वरच्या पट्टीत लागतो. दोन्ही सुरांत गृहीत मात्र एकच आहे: तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात उभं राहायला माया आणि थोडा धीर पुरतो. नोकरीचा पहिला महिना हे गृहीत मोडून काढतो. तीस मुलं एकाच वेळी तीस वेगवेगळी कामं करत असतात, आणि आपण कुठे हात घालायचा अन् कुठे आवरायचा, हे नव्या ताईला ठरवता येत नाही. हेच तिचं खरं कौशल्य असतं आणि ते शिकावं लागतं.

या वर्गात बाकांच्या रांगा नसतात. मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या मांडण्यांवर साधनं ठेवलेली असतात, तीही प्रत्येक प्रकारची एकच. मूल साधन निवडतं, चटई अंथरतं, हवा तेवढा वेळ काम करतं आणि साधन जागेवर ठेवून देतं. तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकत्र असतात. सकाळचे साधारण तीन तास मध्ये घंटा नको, तास बदलायला नको, अशी अपेक्षा असते.

ही मांडणी मुलांना पाहून घडली. डॉ. मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. सुरुवातीला साधनं कुलपातल्या कपाटात असत. एके दिवशी कपाट उघडं राहिलं, बाई उशिरा आल्या आणि मुलांनी आपापली साधनं काढून काम सुरूही केलं होतं. कपाटाची जागा मग उघड्या मांडण्यांनी घेतली.

पहिले सहा-आठ आठवडे

जून महिना. दारात रडारड, पाण्यानं भरलेली फरशी, कुणाच्या चपला कुणाच्या पायात. अशा वेळी नवी ताई दोन चुका हमखास करते. मांडणी पहिल्याच दिवशी साधनांनी भरून टाकते आणि सगळ्यांना गोल बसवून गाण्यांवर सकाळ काढते. मुलांना अजून चटई गुंडाळता येत नसते, तिथे गुलाबी मनोऱ्याचे 10 घन चेंडूसारखे उडतात. मनोऱ्यातला सर्वांत लहान घन फक्त 1 सेंटिमीटरचा. तो खिशातून घरी गेला, की अख्खं साधन निकामी. म्हणून अनुभवी ताई आरंभी मोजकीच कामं ठेवते: पाणी ओतणं, चमच्यानं डाळ एका वाटीतून दुसरीत घेणं, बटणं लावणं, रोपांना पाणी घालणं. खुर्ची आवाज न करता कशी उचलायची, दुसऱ्याच्या चटईला वळसा घालून कसं जायचं, हेही ती करून दाखवते. वर्ग स्थिरावेल तशी मांडणीवर एकेक भर पडते.

जुना वर्ग हाती आला, तर पाच वर्षांची मुलं नव्यांना सांभाळून घेतात. सगळीच मुलं तीन वर्षांची असलेला नवाकोरा वर्ग हे सर्वांत अवघड काम. पहिली नोकरी शोधणाऱ्यानं म्हणूनच आधीपासून चालू असलेला मिश्र वयाचा वर्ग मिळवावा आणि शक्य असेल तर पहिलं वर्ष सहायक म्हणून काढावं.

‘शाब्बास’ आवरताना

भोकांत दट्टे बसवायच्या पेटीवर काम करणाऱ्या तीन वर्षांच्या एका मुलीचं वर्णन माँटेसरींनी करून ठेवलं आहे. भोवती मुलं गात होती, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं दट्टे काढणं-बसवणं चाळिसाहून अधिक वेळा चाललं. एवढी तंद्री लागलेली असताना ताईनं कौतुकानं ‘शाब्बास!’ म्हटलं, की मूल वर बघतं आणि काम सुटतं. दट्टा चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्टा उरतो. चूक साधनच दाखवतं. ताईनं बोट दाखवायची गरज नसते. तरी बोट पुढे जातंच. ते मागे घ्यायला बहुतेकींना कित्येक महिने लागतात.

याची दुसरी बाजूही आहे. मोकळीक दिली म्हणून साधनानं दुसऱ्याला मारणाऱ्या मुलाकडे पाहत बसायचं नाही. तिथे लगेच थांबवायचं. मात्र वर्गाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारून नाही. मुलाजवळ जायचं, त्याच्या उंचीला बसायचं, हलक्या आवाजात बोलायचं आणि दुसरं काम हाती द्यायचं.

सकाळच्या मध्यावर एक गंमत होते. दहाच्या सुमारास वर्गात अचानक गलबला वाढतो, मुलं भटकू लागतात. नव्या ताईला वाटतं, वर्ग हातचा गेला. ती टाळी वाजवून सगळ्यांना गोळा करते. माँटेसरींनी याला खोटा थकवा म्हटलं आहे. थोडा वेळ तग धरला, तर बरीचशी मुलं आपणहून आधीपेक्षा अवघड काम घेऊन बसतात. टाळी वाजली, की ती संधी गेली.

मराठी माध्यमातलं वेगळं काम

अक्षरओळख सँडपेपरच्या अक्षरांवरून बोट फिरवत होते. ‘हे म, हे क’ ही पहिली पायरी, ‘म कुठाय?’ ही दुसरी, ‘हे काय?’ ही तिसरी. नवी ताई घाईनं तिसरीवर जाते आणि धड्याची परीक्षा होऊन बसते. मराठीत अक्षराचा आवाज आणि वाचन जवळजवळ जुळतं, ही मोठी सोय. पण ‘दिवा’ जुळवताना मुलाच्या कानाला आधी ‘द’ येतो आणि पहिली वेलांटी मात्र ‘द’च्या डावीकडे ठेवायची असते. जोडाक्षरं तर पुढचीच. प्रशिक्षणाचं बरंच साहित्य इंग्रजी अक्षरांवर बेतलेलं असल्यामुळे मराठी शाळेतल्या ताईला हा क्रम स्वतः बसवावा लागतो.

महागड्या साधनांविना वर्ग कसा चालवायचा, याचं उत्तर मात्र घरातच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतून साधनं उभी केली, वर्ग पाड्यावरच्या अंगणात नेला आणि पुढे कोसबाडला तेच काम वाढवलं.

मावशी, पालक आणि संमेलन

वर्गातल्या मावशी वयानं मोठ्या असतात. मूल बटणाशी झटत असतं आणि मावशी प्रेमानं क्षणात बटण लावून मोकळ्या होतात. वीस-बावीस वर्षांच्या ताईनं त्यांना थांबवायचं कसं? आदेश देऊन ते होत नाही. मावशींना साधनं दाखवणं, त्यांनी मुलांबद्दल टिपलेलं ऐकणं, यातून ते जमतं.

पालकांचा प्रश्न ठरलेला: ‘वहीत काहीच नाही, शिकवता काय?’ शेजारच्या शाळेतलं मूल एबीसीडी गिरवत असताना आपलं मूल डाळ निवडतंय, हे पाहून जीव खालीवर होणारच. पेन्सिल धरणारी बोटं याच कामांतून तयार होतात, हे तक्रार येण्याआधी, जूनच्या पहिल्या सभेत दाखवून द्यावं. रोजच्या नोंदी इथे ताईची बाजू सांभाळतात. आणखी एक कसोटी डिसेंबरात येते. स्नेहसंमेलनाच्या तालमी सकाळचा कामाचा वेळ गिळू लागतात आणि वर्गाची बसलेली घडी विस्कटते.

अभ्यासक्रम निवडताना

‘माँटेसरी’ हे नाव कोणत्याही शाळेला किंवा अभ्यासक्रमाला लावता येतं, त्यामुळे पाटीवर विसंबू नये. माँटेसरींनी 1929मध्ये स्थापन केलेल्या एएमआय या संस्थेच्या 3 ते 6 वयोगटाच्या पदविकेत साधनांचा हाताळून सराव, स्वतः लिहिलेल्या धड्यांच्या वह्या, वर्गनिरीक्षण, पाठसराव आणि लेखी-तोंडी परीक्षा असतात. भारतात मुंबई, चेन्नई यांसारख्या शहरांत ती करता येते आणि परदेशातही ती ओळखली जाते. काही आठवड्यांच्या ऑनलाईन प्रमाणपत्रातून हात तयार होत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची (एनसीटीई) दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका (डीपीएसई) हा वेगळा मार्ग आहे. सरकारी किंवा मोठ्या शाळेत जायचं असेल, तर जाहिरातीत नेमकी कोणती पात्रता मागितली आहे, ते आधी पाहावं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020ने 3 ते 8 वर्षांचा पायाभूत टप्पा शालेय रचनेत आणल्यापासून या पात्रतेला वजन आलं आहे.

पैशाबद्दल स्पष्ट बोलावं. सुरुवातीचा पगार बऱ्याच ठिकाणी बेताचा असतो आणि शाळेगणिक बदलतो. उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो का, एका वर्गात किती मुलं, सहायक कोण, सकाळचे किती तास अखंड मिळतात, हे मुलाखतीत विचारून लेखी घ्यावं. पुढे मुख्य शिक्षिका, समन्वयक, प्रशिक्षक, विशेष शिक्षण किंवा स्वतःची बालवाडी अशा वाटा फुटतात. तासन्‌तास जमिनीवर बसणं आणि पहिल्या वर्षी मुलांकडून येणारं सर्दी-खोकल्याचं सत्र, हेही हिशेबात धरावं.

प्रवेशाचं शुल्क भरण्याआधी एखाद्या वर्गात परवानगीनं अख्खी सकाळ बसावं, बोलू नये, फक्त एका मुलानं काय काय केलं ते लिहावं. दोन तासांत कंटाळा आला की कुतूहल वाढलं, याची नोंद आई-वडिलांनीही पाहावी. त्यासाठी जूनचा शेवट निवडावा. फेब्रुवारीत वर्ग स्थिरावलेला असतो आणि पहिल्या महिन्यात नव्या ताईच्या वाट्याला काय येणार, ते तेव्हा दिसत नाही.