समाजमाध्यमें आणि चिकूचा व्यापार

घोलवड-बोर्डीकडील वाडीवाल्याचा चिकू खाणाऱ्याशीं पूर्वी सहसा संबंध येत नसे. फळ तोडावें, धुवावें, प्रतवारी करून अडत्याकडे धाडावें आणि मागाहून येणारी पट्टी पाहावी, एवढाच त्याचा व्यवहार. फळ गोड निघालें तर नांव गाळ्याचें होई. बिघडलें तर बोल अडत्यास लागे. खाणाऱ्याचा शब्द वाडीपर्यंत पोंचत नसे. अजूनही पुष्कळ माल याच वाटेनें जातो. परंतु व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम इत्यादि समाजमाध्यमांनीं दुसरी एक वाट मोकळी केली आहे. तिचे गुणदोष आमच्या वाचकांनीं नीट समजून घ्यावे, म्हणून हा लेख लिहिला आहे.

जाहिरात आणि समाजमाध्यम यांत मोठा भेद आहे. जाहिरातींत विकणारा बोलतो व गिऱ्हाईक ऐकतें. येथें गिऱ्हाईकही बोलतें, शेजारचीं दहा गिऱ्हाइकें तें वाचतात, आणि लिहिलेलें मागें राहतें. म्हणून उत्तर देणें हा आतां मालाच्या निगराणीचाच एक भाग झाला आहे.

चिकूच्या बाबतींत हें विशेष खरें आहे. हें फळ कठीण असतांना तोडतात. तें साधारणपणें आठवड्याच्या आंत पिकतें व पिकल्यावर फार दिवस टिकत नाहीं. समजा, बोरिवलीच्या एका गिऱ्हाइकानें पेटी मागविली, कच्चीं फळें लागलींच फ्रिजमध्यें ठेवलीं, आणि तीं नीट पिकलीं नाहींत. तें समूहांत लिहितें, “माल खराब.” येथें वाडीवाल्यानें रागानें उत्तर दिलें तर वाद जिंकूनही पुढील मागणी गमावेल. उलट, पेटीबरोबरच “कच्चें फळ बाहेर ठेवावें, पिकल्यावरच थंडींत ठेवावें” एवढें कळविलें असतें तर तक्रारच आली नसती. फळावरची तपकिरी भुकटी झडूं लागली आणि नखानें ओरखडतां हिरव्याऐवजीं पिवळसर छटा दिसली, म्हणजे तें तोडणीस आलें, ही आपली रोजची परीक्षा चित्रफितींतून दाखविल्यास गिऱ्हाईक जाणतें होतें. जाणतें गिऱ्हाईक उगाच भांडत नाहीं.

दुसरी गोष्ट नांवाची. “डहाणू घोलवड चिकू” यास भौगोलिक मानांकन मिळालें असून तें महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाकडे आहे. २०२१ सालीं हें फळ ब्रिटनला रवाना झालें. हें नांव कोणा एकाचें नव्हे. बाहेरचा माल या नांवाखालीं एकानें विकला, तर ती बातमी समाजमाध्यमांवर सर्व वाड्यांच्या माथीं बसते. १९९९ च्या कायद्यान्वयें अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून मगच हें नांव पेटीवर घालावें.

तलासरी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेलगत आहे. तेथील विक्रेत्यास गुजराती बोलणारें गिऱ्हाईकही भेटतें. लिहिण्याची अडचण असेल तेथें आवाजाचा निरोप पाठवितां येतो. ही सोय लहान खातेदारास मोठी आहे.

व्यवहारांत पुढील नियम पाळावे :

(१) २०१८ सालीं निघालेलें व्हॉट्सॲप बिझनेस हें साधन लहान धंद्यासाठीं आहे. त्यांत मालाचीं चित्रें, भाव व उत्तर देण्याच्या वेळा मांडून ठेवाव्या.

(२) तोडणीचा दिवस, वजन व प्रत स्पष्ट सांगावी. निवडक फळाचें चित्र दाखवून मिसळ माल पाठवूं नये.

(३) तक्रार आल्यास त्याच दिवशीं उत्तर द्यावें. चूक आपली असल्यास माल बदलून द्यावा.

(४) यूपीआयनें पैसे घेण्यास पिन लागत नाहीं. “पैसे पाठवितों, पिन घाला” म्हणणारा ठक समजावा. फसगत झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें.

(५) गिऱ्हाइकांचीं नांवें व पत्ते स्वतःच्या वहींत उतरून ठेवावे. माध्यम कंपनीच्या मालकीचें आहे. खातें बंद पडलें तर आपला व्यापार बंद पडूं नये.

आतां मुख्य अडचण. अडत्याची अडत वांचते हें खरें. पण त्याचें कामही आपल्या अंगावर येतें. निरोप वाचणें, पेटी पोंचविणें, न खपलेला माल सोसणें, हें सर्व वेळ व पैसा खातें. ज्याचीं वीस झाडें आहेत, त्यानें तोडणी सोडून दिवसभर फोन धरून बसावें, हें परवडणारें नाहीं. अशा खातेदारांनीं चार-सहा वाड्या मिळून एकच क्रमांक ठेवावा, घरांतील एका शिकलेल्या मुलास किंवा मुलीस उत्तरें देण्याचा योग्य मोबदला द्यावा, आणि आरंभीं थोडाच माल या वाटेनें विकावा. उरलेला माल बाजारांत जाऊं द्यावा. पुरा हंगाम दोन्ही वाटांचा हिशेब शेजारीं शेजारीं मांडला, म्हणजे कोणती वाट किती रुंद करावी, हें ज्याचें त्यास कळेल.