‘निगेटिव्ह’ या शेऱ्याखाली

आमचे थोरले बंधू महसूल खात्यात अव्वल कारकून असताना त्यांनी एका शिबिरात रक्तदान केले, आणि त्या रक्तात हिपॅटायटिस बी चा विषाणू असल्याची वर्दी रक्तपेढीकडून आली. पुढील तपासणीत ‘ई-अँटिजेन निगेटिव्ह’, म्हणजे विषाणूचे ते प्रथिन रक्तात नाही, असा शेरा मिळाला, त्याखाली डॉक्टरांनी लाल शाईची रेघ ओढली आणि ‘आपण निव्वळ वाहक आहात, निर्धास्त असा’ असे सांगितले. भूक उत्तम, डोळे स्वच्छ, मद्याचा स्पर्श नाही. असा मनुष्य पुन्हा प्रयोगशाळेची पायरी कशाला चढेल? कित्येक वर्षांनी दादांच्या पायांवर सूज आली, कमरपट्टा अपुरा पडू लागला, आणि यकृत आकसून पोटात पाणी झाल्याचे सोनोग्राफीत दिसले. ई-अँटिजेन तेव्हाही निगेटिव्हच होते. विषाणूच्या डीएनएचे मोजमाप मात्र लाखांच्या घरात गेले होते.

या विसंगतीचा उलगडा विषाणूच्या जनुकांत आहे. सुमारे 3200 अक्षरांची त्याची संहिता, रुजुवात न घेता दस्त उतरविणाऱ्या नक्कलनविसाप्रमाणे, चुका न सुधारता पुनःपुन्हा उतरली जाते. त्यात 1896 व्या स्थानी एक अक्षर बदलले की ई-अँटिजेन तयार होणे थांबते, परंतु विषाणूची वाढ थांबत नाही. भारतात ए आणि डी या जनुकप्रकारांचे प्राबल्य असून डी प्रकारात हा बदल सहज घडतो, म्हणून आपल्याकडे त्या एका शेऱ्यावर विसंबणे मला विशेष धोक्याचे वाटते. 1762 आणि 1764 या स्थानांवरील जोडबदलाचा संबंध तर यकृताच्या कर्करोगाशी आढळला आहे.

यास्तव ज्यांच्या रक्तात हा विषाणू आहे त्यांनी यकृताची एसजीपीटी आणि विषाणूची डीएनए या दोन्ही तपासण्यांचा आग्रह धरावा, व त्याही वरचेवर कराव्यात. कारण ई-अँटिजेन निगेटिव्ह असलेल्या या आजारात एसजीपीटी मध्यंतरी प्राकृत होऊन पुन्हा उसळते. यकृत कठीण झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये. जुन्या लॅमिव्ह्युडिनला विषाणू रूप पालटून दाद देईनासा होतो; टेनोफोव्हिर व एन्टेकाव्हिर यांची मात्रा अधिक टिकते, तथापि बरे वाटते म्हणून गोळी परस्पर बंद केल्यास आजार उसळून प्राणावर बेतू शकते. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये सरकारी उपचार केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात.

दादांचे ताट वेगळे मांडणाऱ्या आप्तांची वागणूक मला आजही सलते, कारण सहभोजनाने हा रोग पसरत नाही. तो रक्ताने, शरीरसंबंधाने आणि प्रसूतिसमयी मातेकडून अपत्याकडे जातो. घरातील प्रत्येकाची तपासणी करून, संसर्ग नसलेल्यांना लस द्यावी. गर्भवतीच्या रक्तात विषाणू असेल तर प्रसूतीपूर्वीच रुग्णालयास तशी लेखी सूचना द्यावी, म्हणजे बालकाला जन्मापासून 24 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन ही दोन्ही टोचता येतात.