शंभर ऑक्टेन आणि आमची फजिती

आमच्या रेसिंग कारच्या टीमने गेल्या वर्षी एक शहाणपणा केला. स्पर्धा तोंडावर आलेली, इंजिन मोटरसायकलचं, सिंगल सिलिंडर. कोणीतरी म्हणालं, "शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकू, गाडी उडेल!" झालं. मेसचं बिल थकवून वर्गणी काढली, कॅन आणला, रात्रभर हॉस्टेलवर कॉटखाली जपून ठेवला. सकाळी गाडी डायनोवर चढवली. पॉवर किती वाढली? शून्य! वर्कशॉपचे सर हसले. म्हणाले, "अरे, ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, सहनशक्ती."

कसली सहनशक्ती?

स्पार्क पडला की ज्वाला प्लगपासून पसरत जाते. तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआपच पेटलं, तर दाबाचा धक्का बसून 'टक टक' आवाज येतो. हेच नॉकिंग. ते वाढलं तर पिस्टनला भोकसुद्धा पडतं. इंधन याला किती दाद देत नाही, ते ऑक्टेन सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून ही पट्टी ठरवली आहे.

आता थर्मो आठवा. ऑटो सायकलच्या सूत्रात कॉम्प्रेशन रेशो १० टाकला तर कार्यक्षमता ६० टक्के येते, १३ टाकला तर ६४. (हे कागदावर. प्रत्यक्षात बरीच कमी!) म्हणून रेसिंगवाले रेशो वाढवतात. रेशो वाढला की नॉकिंगची भीती वाढते आणि तेव्हा जास्त ऑक्टेन कामी येतो. आमचं इंजिन साध्या पेट्रोलवर नॉक करतच नव्हतं. रेशो तोच, टायमिंग तेच. मग महागडं पेट्रोल करणार काय?

इथेनॉलचं गणित

एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा, इथेनॉलमध्ये फक्त २७. तरी रेसिंगमध्ये इथेनॉल का? कारण इंजिनाला हवा मोजूनच मिळते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. भागाकार करून बघा, दर किलो हवेमागे दोघांचे जवळजवळ ३ मेगाज्यूलच येतात. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे आत जाणारी हवा थंड आणि दाट होते. ऑक्टेनही जास्त. तोटा एकच, इंधन वजनाने दीडपटीहून जास्त लागतं. मोठे इंजेक्टर आणि नवा मॅप न टाकता नुसती टाकी भरली, तर मिश्रण लीन होऊन इंजिनाचे बारा वाजतात.

नुसती पॉवर बघू नका

१९६४ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत अपघात होऊन पेट्रोलचा भडका उडाला आणि एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन ड्रायव्हर गेले. त्यानंतर तिथे मेथॅनॉल आलं, कारण त्याची आग पाण्याने विझते. पण त्याची ज्वाला दिवसा दिसत नाही! १९८१ मध्ये त्याच शर्यतीत रिक मिअर्सच्या पिटमध्ये अशीच न दिसणारी आग लागली होती. पुढे २००७ मध्ये तिथल्या गाड्या इथेनॉलवर आल्या. हे वाचलं आणि कॉटखालचा तो कॅन आठवून अंगावर काटा आला. वॉर्डन सर, माफी असावी.

तर ज्युनियर्सनो, क्रम लक्षात ठेवा. आधी नियमपुस्तक, कारण बऱ्याच स्पर्धांत इंधन आयोजकच ठरवतात. मग कॉम्प्रेशन रेशो आणि टायमिंग. मग सुरक्षितता. पंपावर जायचं सगळ्यात शेवटी.

आणि उरलेलं पेट्रोल? ते सरांच्या स्कूटरमध्ये गेलं. तीही काही उडाली नाही.