नवं सिंक आणण्याआधी भिंतीतलं भोक मोजा

मैत्रिणींनो, मागच्या दिवाळीआधी मी गटातून अंतर्गत कर्ज काढून स्वयंपाकघरातलं सिंक बदललं. फराळाच्या ऑर्डरी होत्या आणि मोठी पातेली जुन्या उथळ सिंकमध्ये मावत नव्हती. नवं स्टीलचं सिंक चांगलं खोल बघून आणलं. पण पंधरा दिवसांत ओट्याखाली ओल आली, वास सुटला. भांडी घासली की पाणी तुंबायचं. ऐन ऑर्डरीच्या वेळी मी बादलीने पाणी उपसत होते.

चूक कुठे झाली?

जुनं सिंक सहा इंच खोल होतं, नवं नऊ इंच. म्हणजे सिंकचा तळ तीन इंच खाली आला. भिंतीतलं भोक मात्र जुन्याच जागी. मिस्त्रीने लवचिक पाइप खाली वाकवला आणि परत वर चढवून भोकात घातला. "चालतंय ताई," म्हणाला. मीही मान डोलावली. पण त्या वाकात कायम पाणी उभं राहिलं. तेल, पीठ, खरकटं तिथेच साचलं आणि पाइप बंद झाला. शेवटी भोक खाली घेऊन पाइप नव्याने टाकावा लागला. मजुरी दोनदा गेली. तुमची जाऊ नये म्हणून हा धडा.

१. खरेदीआधी मोजा. समजा ओटा जमिनीपासून ३२ इंच उंच आहे. सिंक ९ इंच खोल, म्हणजे तळ २३ इंचावर. खालची वेस्ट कपलिंग ३ इंच लोंबते, म्हणजे २० इंच उरले. त्याखाली ट्रॅप येतो. दुकानातच कपलिंगला ट्रॅप लावून त्याचं बाहेर जाणारं तोंड किती खाली येतं ते मोजून घ्या. भिंतीतलं भोक त्या तोंडाच्याही थोडं खाली हवं. तसं नसेल तर कमी खोल सिंक घ्या, नाहीतर भोक खाली घेण्याचा खर्च आधीच धरा.

२. ट्रॅप लावाच. ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी मुद्दाम थांबतं. त्यामुळे गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. मग माझ्या पाइपच्या वाकातही पाणीच होतं की! फरक एवढाच, की ट्रॅप हाताने उघडून साफ करता येतो. म्हणून त्याचे नट हातानेच घट्ट करा, तिथे सोल्युशन लावू देऊ नका.

३. उतार द्या. दर फुटाला पाव इंच. दहा फूट पाइप असेल तर शेवटचं टोक अडीच इंच खाली हवं. गवंड्याकडे पाण्याची लेव्हल नळी असते, तिने तुमच्यासमोर तपासायला सांगा.

४. वळणं कमी ठेवा. काटकोनी एका एल्बोऐवजी दोन तिरके एल्बो लावले तर खरकटं अडकत नाही. बाहेरच्या वळणावर झाकण उघडणारा बेंड बसवा. पुढे कधी तुंबलं तर भिंत फोडावी लागणार नाही.

५. भोक पाडताना आधी बघा. त्या भिंतीत विजेची वायर किंवा नळाची लाइन आहे का? कॉलम आणि बीमला हात लावू देऊ नका. काम झाल्यावर पाइपभोवतीची फट सिमेंटने भरून घ्या, नाहीतर उंदरांना वाट मिळते.

६. पाणी कुठे जाणार ते ठरवा. भोक खाली आलं की बाहेरचं तोंडही खाली येतं. माझं पाणी आधी बोळात, शेजारच्या काकूंच्या दारात जायचं. त्यावरून वर्षभर अबोला होता. या वेळी पाइप मागच्या बाजूला वळवला. आधी जाळीची छोटी कुंडी केली आणि तिथून पाणी शोषखड्ड्यात सोडलं. कुंडीतला गाळ मी दर आठवड्याला काढते. शोषखड्डा विहीर आणि हातपंपापासून लांबच हवा.

७. पैसे देण्याआधी तपासा. सिंक काठोकाठ भरा आणि बूच एकदम काढा. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरा. कागद ओला झाला तर काम अपुरं आहे. भिंत लिंपण्याआधीच हे करा.

"बाई, तुम्ही चहा ठेवा, आम्ही बघतो," असं मिस्त्री म्हणेल. चहा जरूर ठेवा, पण टेप हातात घेऊन उभ्या राहा. कर्ज आपल्या नावावर आहे, आणि रोज त्या ओट्याशी आपल्यालाच उभं राहायचं आहे.

पुढच्या बैठकीसाठी: आपल्या घरी ओट्याची उंची, सिंकची खोली आणि भोकाची उंची मोजून वहीत लिहून आणा. कुणाचं काम निघणार असेल तर सगळ्या मिळून हिशोब करू.