वाहन पसार झाले, तरी हक्क उरतो

अकोला–वाशीम–हिंगोली मार्गावर रात्री एखाद्या शेतकऱ्यास धडक देऊन वाहन पसार होते. क्रमांक कोणी टिपलेला नसतो. ‘आता दावा लावायचा कोणावर?’ असे म्हणून कुटुंब गप्प बसते. ही समजूत चुकीची आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 161 अन्वये (योगायोगाने या महामार्गाचा क्रमांकही 161 च आहे) अशा अपघातातील मृताच्या वारसांना 2 लाख व गंभीर जखमीस 50 हजार रुपये देण्याची योजना 1 एप्रिल 2022 पासून अंमलात आहे. पूर्वी या रकमा अवघ्या 25 हजार व 12,500 रुपये होत्या.

अर्ज उपविभागीय अधिकारी अथवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. त्यांनी महिन्याभरात चौकशी अहवाल द्यावा व जिल्हाधिकाऱ्यांनी 15 दिवसांत मंजुरी द्यावी, असा नियम आहे. मात्र प्रथम खबर व शवविच्छेदन अहवाल नसेल तर सारेच अडते. म्हणून अंत्यविधीच्या घाईत हे टाळले जाऊ नये, याची काळजी पोलीस पाटील व सरपंच यांनी घ्यावयास हवी.

वाहन सापडले, पण त्याचा विमाच नसला, तर ही योजना लागू होत नाही. मग मालक व चालक यांच्याविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते. निकाल मिळतो, पण मालकाकडून वसुली होणे कठीण असते. यास्तव पुरेसे तारण घेतल्याविना असे वाहन सोडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये बजावले. वाहन ठाण्यातून सुटण्यापूर्वीच वारसांनी वकिलामार्फत न्यायालयात हरकत नोंदवावी.