घटक ६ : दोन उणे चिन्हांची संधी – संगणकीय भाषेतील सीमाभंग आणि विदागाराची सुरक्षितता

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस :
• आज्ञा आणि आशय यांतील भेद भाषावैज्ञानिक दृष्टीने स्पष्ट करता येईल.
• विदागाराशी जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०२४ साली आढळलेल्या एका दोषाचे स्वरूप सांगता येईल.
• त्या दोषावरील उपाय व त्यांमागील तत्त्व विशद करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संधी आणि पदच्छेद यांचा विचार केला. 'ती न आली' आणि 'तीन आली' ही दोन वाक्ये उच्चारून पाहा. ध्वनी जवळजवळ तेच आहेत. परंतु पहिल्या वाक्यात एक स्त्री आलेली नाही, तर दुसऱ्यात तीन मुले आलेली आहेत. अर्थातील हा सारा फरक एका सीमेवर, म्हणजे दोन पदांमधील सूक्ष्म विरामावर अवलंबून आहे. बोलताना ही सीमा पुसली गेली, तरी संदर्भाच्या आधारे श्रोता ती पुन्हा उभी करतो. संगणकाजवळ असा संदर्भ नसतो. त्याच्या बाबतीत सीमा पुसली गेली की अर्थ बदलतो, आणि त्याचा परिणाम कोणाच्या तरी गुणपत्रिकेवर, शुल्काच्या नोंदीवर किंवा दूरध्वनी क्रमांकाच्या गोपनीयतेवर होऊ शकतो.

आपला प्रवेश अर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेतील खाते या सर्वांची नोंद आज विदागारात, म्हणजेच डेटाबेसमध्ये असते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही, भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ आज्ञा आणि आशय

श्रुतलेखन घेताना शिक्षक 'स्वल्पविराम' असे म्हणतात, तेव्हा विद्यार्थी तो शब्द लिहीत नाही, चिन्ह काढतो. शिक्षकांच्या एकाच आवाजातून दोन प्रकारची भाषा येत असते : एक लिहून घ्यावयाचा आशय आणि दुसरी लेखनाविषयीची आज्ञा. या दोहोंची गल्लत झाली की वहीत भलतेच काही उमटते.

आता अधिक गंभीर उदाहरण घेऊ. एखाद्या अर्जात 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात कोणी नावाऐवजी 'यांचे सर्व शुल्क माफ करावे' असे लिहिले. लिपिक ते वाचून हसेल, कारण रकान्यातील मजकूर हा आशय आहे, कार्यालयाचा आदेश नव्हे, हे त्याला ठाऊक असते. रकान्याची चौकट हीच येथील सीमा होय. ती चौकट पुसून संपूर्ण अर्ज एका सलग ओळीत लिहिला, तर मात्र अर्जदाराचे वाक्य आणि कार्यालयाचे वाक्य वेगळे ओळखणे कठीण होईल. विदागाराला फसविण्याची जी पद्धत 'एसक्यूएल इंजेक्शन' या नावाने ओळखली जाते, तिचे मर्म एवढेच आहे : आशयाच्या जागी आज्ञा लिहावयाची आणि चौकट पुसली जाईल अशी व्यवस्था करावयाची.

६.२.२ स्थानदर्शक चिन्ह

विदागाराशी ज्या भाषेत बोलतात तिला एसक्यूएल म्हणतात. तिची मुळे १९७० च्या दशकात आयबीएममध्ये झालेल्या कामात आहेत. समजा, एका कार्यालयाने पुढील प्रश्नवाक्य, म्हणजे क्वेरी, तयार केली आहे (आपल्या सोयीसाठी ती देवनागरीत देत आहे) :

सिलेक्ट शुल्क-? फ्रॉम विद्यार्थी व्हेअर नाव=?

अर्थ असा : या नावाच्या विद्यार्थ्याच्या शुल्कातून अमुक सवलत वजा करून उत्तर द्या. येथील प्रश्नचिन्हे ही स्थानदर्शक चिन्हे आहेत. अर्जातील रिकाम्या रकान्यांचे काम ती करतात. पहिल्या जागी संख्या येईल, दुसऱ्या जागी नाव. जाणकार मंडळी पूर्वीपासून सांगत आली आहेत की, वापरकर्त्याचा मजकूर वाक्यात थेट चिकटवू नये. स्थानदर्शक चिन्हे वापरावीत. हा सल्ला योग्यच आहे. परंतु त्या चिन्हांच्या जागी मूल्य भरण्याचे काम कोण आणि कसे करते, यावर त्याचे यश अवलंबून असते.

६.२.३ २०२४ मधील दोष

पोस्टग्रेएसक्यूएल ही जगभर वापरली जाणारी मुक्त विदागार-प्रणाली आहे. जावा भाषेतील कार्यक्रम तिच्याशी बोलतात ते पीजीजेडीबीसी या ड्रायव्हरमार्फत. ड्रायव्हर म्हणजे दोघांमधला दुभाषा. फेब्रुवारी २०२४ मध्ये या दुभाषातील एक दोष प्रसिद्ध झाला. त्याचा नोंदक्रमांक सीव्हीई-२०२४-१५९७ असा आहे, आणि त्याची तीव्रता १० पैकी १० ठरविण्यात आली.

हा दुभाषा दोन पद्धतींनी काम करतो. नेहमीच्या पद्धतीत तो क्वेरी आणि मूल्ये विदागाराकडे वेगवेगळी पाठवतो. विदागार आधी वाक्याचे व्याकरण लावतो आणि नंतर रिकाम्या जागी मूल्ये ठेवतो. वाक्यरचना अगोदरच निश्चित झालेली असल्यामुळे मूल्यात काहीही लिहिलेले असले, तरी त्याची आज्ञा होऊ शकत नाही. 'सिंपल' नावाच्या दुसऱ्या पद्धतीत मात्र दुभाषा स्वतःच मूल्ये वाक्यात भरतो आणि एक सलग मजकूर पाठवतो. ही पद्धत आपोआप लागू होत नाही. 'प्रिफरक्वेरीमोड' या मांडणीत कोणीतरी ती मुद्दाम निवडावी लागते.

आता सवलतीच्या जागी –५० ही ऋण संख्या आली असे समजा. सलग मजकूर असा होईल :

सिलेक्ट शुल्क--५० फ्रॉम विद्यार्थी व्हेअर नाव='…'

दोन उणे चिन्हे शेजारी आली. गणिताच्या दृष्टीने उणे उणे म्हणजे अधिक. परंतु एसक्यूएलमध्ये सलग दोन उणे चिन्हांचा अर्थ निराळा आहे : येथून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर ही केवळ टीप आहे, तो वाचू नये. 'सत्' आणि 'जन' एकत्र येऊन 'सज्जन' होताना मूळचा 'त्' दिसेनासा होतो, तशी ही संधी आहे. फरक इतकाच की, येथे दोन चिन्हांच्या मीलनातून निर्माण झालेले तिसरे चिन्ह पुढची सारी ओळ गिळून टाकते. त्या ओळीतच नावाभोवतीचे आरंभीचे अवतरणचिन्हही होते. तेही टिपेत गेले.

आक्रमकाने नावाच्या रकान्यात आरंभी नवी ओळ सुरू करून पुढील मजकूर लिहिला असेल, तर विदागाराला दिसते ते असे :

सिलेक्ट शुल्क--५० फ्रॉम विद्यार्थी व्हेअर नाव='
, दूरध्वनी फ्रॉम विद्यार्थी --'

पहिल्या ओळीतील 'शुल्क' एवढेच उरले. दुसरी ओळ अवतरणाबाहेर असल्यामुळे ती नाव न राहता आज्ञा झाली. तिच्या अखेरीस आक्रमकाने पुन्हा दोन उणे चिन्हे लिहून उरलेले अवतरणचिन्ह निकामी केले. परिणामी एका विद्यार्थ्याच्या शुल्काऐवजी सर्व विद्यार्थ्यांचे शुल्क आणि दूरध्वनी क्रमांक बाहेर आले. कार्यालयाने स्थानदर्शक चिन्हे वापरण्याची शिस्त पाळली होती, तरीही हे घडू शकते, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

असे घडण्यासाठी पुढील अटी एकत्र याव्या लागतात : 'सिंपल' पद्धत निवडलेली असणे, संख्येच्या स्थानदर्शक चिन्हाला लागूनच आधी उणे चिन्ह असणे, त्याच ओळीत पुढे मजकुरासाठी दुसरे स्थानदर्शक चिन्ह असणे, आणि ही दोन्ही मूल्ये आक्रमकाला हवी तशी देता येणे. अटी पुष्कळ आहेत म्हणून दोष क्षुल्लक ठरत नाही. ज्या ठिकाणी त्या जुळतात, तेथे संपूर्ण विदागार धोक्यात येतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १ : एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) एसक्यूएलमध्ये सलग दोन उणे चिन्हांचा अर्थ काय होतो?
(आ) नेहमीच्या पद्धतीत हा दोष का संभवत नाही?

६.२.४ उपाय

पहिला व मुख्य उपाय म्हणजे ड्रायव्हरची सुधारित आवृत्ती बसविणे. ४२.७.२, ४२.६.१, ४२.५.५, ४२.४.४, ४२.३.९ आणि ४२.२.२८ या आवृत्त्यांत हा दोष दूर करण्यात आला. दुरुस्तीचे स्वरूप भाषाभ्यासकाला ओळखीचे वाटेल : 'सिंपल' पद्धतीत भरलेल्या प्रत्येक मूल्याभोवती आता कंस घातला जातो. उणे चिन्ह आणि ऋण संख्या यांच्यामध्ये कंस उभा राहिला की संधी होत नाही.

दुसरा उपाय असा की, खरोखर गरज नसल्यास 'सिंपल' पद्धत वापरूच नये. नवी आवृत्ती बसविणे तत्काळ शक्य नसेल, तर हाच मार्ग आहे.

तिसरा उपाय लेखनशैलीचा आहे. क्वेरी लिहितानाच 'शुल्क - (?)' असे अंतर व कंस ठेवले, तर दोन चिन्हे एकमेकांना भिडत नाहीत. मात्र मोठ्या कार्यक्रमातील प्रत्येक ओळ अशी तपासणे कठीण असते. म्हणून हा उपाय पूरक मानावा.

चौथा उपाय म्हणजे अधिकारांची मर्यादा. जो कार्यक्रम फक्त शुल्क वाचतो, त्याच्या खात्याला दूरध्वनी क्रमांक वाचण्याचा अधिकार मुळात देऊच नये. सीमा एके ठिकाणी मोडली, तरी दुसरी सीमा हानी आवरते.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. आपल्या कार्यालयात जावामधील प्रणाली आणि पोस्टग्रेएसक्यूएल वापरात असेल, तर संबंधित तंत्रज्ञांना दोनच प्रश्न विचारा : ड्रायव्हरची आवृत्ती कोणती आहे? आणि 'प्रिफरक्वेरीमोड' काय ठेवला आहे? हे प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असण्याची आवश्यकता नाही.

६.३ सारांश

भाषेत अर्थ जसा शब्दांत असतो, तसा शब्दांमधील सीमांतही असतो. आशय आणि आज्ञा यांतील सीमा पुसली गेली की दुसऱ्याचे अवतरण आपले विधान होऊन बसते. पीजीजेडीबीसीमधील दोष हे याचे उदाहरण होय. कंस, अंतर आणि वेगळी पाठवणी हे सर्व उपाय ती सीमा पुन्हा उभी करतात. मानवी श्रोता संदर्भाने चूक सावरून घेतो. यंत्र सावरून घेत नाही. म्हणून यंत्रासाठी लिहिणाऱ्याने सीमा स्वतः स्पष्ट केली पाहिजे.

६.४ पारिभाषिक शब्द

विदागार – माहितीचा सुसंघटित संग्रह, डेटाबेस.
क्वेरी – विदागाराला विचारलेले प्रश्नवाक्य किंवा दिलेली आज्ञा.
ड्रायव्हर – कार्यक्रम व विदागार यांना जोडणारे सॉफ्टवेअर.
स्थानदर्शक चिन्ह – मूल्यासाठी राखून ठेवलेली जागा दाखविणारे चिन्ह.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

(अ) तेथून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर टीप समजून वगळला जातो.
(आ) क्वेरी व मूल्ये वेगवेगळी पाठविली जात असल्यामुळे मूल्याला आज्ञेचे रूप येऊ शकत नाही.

६.६ स्वाध्याय

१. 'ती न आली / तीन आली' यांसारखी, पदसीमा बदलल्यामुळे अर्थ बदलणारी तीन उदाहरणे आपल्या बोलीतून शोधा व त्यांचे विश्लेषण करा.
२. संधी आणि दोन उणे चिन्हांचे मीलन यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.
३. 'सिलेक्ट शुल्क-(?)' या रचनेत –५० हे मूल्य भरून पाहा आणि दोष का टळतो ते लिहा.