परसातला टोमॅटो आणि उसाचा फवारणी पंप



ज्यांच्या घरी पाच-पाच एकर ऊस उभा आहे त्यांच्याच घरून आठवडे-बाजाराला पिशवी घेऊन टोमॅटो आणायला जातात, हे चित्र आपल्या कार्यक्षेत्रात गावोगाव दिसते. जागा आहे, पाणी आहे. मग अडते कुठे? विचारले की उत्तर ठरलेले : "लावला होता की, पण बोकड्या आला आन् झाड तिथंच बसलं."

काही परसांत तो बोकड्याच असतो. पण काही ठिकाणी रोग नसतोच, झाडाला २,४-डी लागलेले असते. हे तणनाशक रुंद पानाच्या तणासाठी आहे. ऊस गवतवर्गीय, म्हणून तो तरतो. टोमॅटो मात्र या औषधाला फारच हळवा, पंपाच्या तळाशी राहिलेला अंशही त्याला पुरतो. त्यात वेळही नेमकी जुळते. रब्बीचा टोमॅटो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो आणि पूर्वहंगामी उसातील तणाची फवारणी त्याच सुमारास चालू असते.

दोहोंतला फरक ओळखता येतो. बोकड्यात पाने वरच्या बाजूस वाटीसारखी वळतात, लहान राहतात, झाड खुजे होते. पान उलटून पाहिल्यास बहुधा पांढरी माशी दिसते, कारण हा विषाणू तीच पसरवते. शिवाय तो एक झाड इथे, एक तिथे असा येतो. तणनाशकाने नवी पाने अरुंद, दोरीसारखी निघतात, शिरा जवळजवळ व फिकट दिसतात, देठ खाली पिळवटतात. आणि वाऱ्याच्या बाजूची सगळी झाडे एकदमच बिघडतात. शेजारचा भोपळा, भेंडीही वाकडी झाली असेल तर शंकाच नको. अशा वेळी बोकड्याचे औषध मारणे म्हणजे पैसे पाण्यात.

तेव्हा तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर रंगाने खूण करावी. नुसता पाण्याने विसळला की झालं, असं म्हणून चालत नाही. वारा असताना व भर उन्हात फवारू नये. २,४-डीचे इथाईल इस्टर उन्हात वाफ होऊन लांब जाते. घराजवळच्या पट्ट्यात खुरपणीच बरी; चार सऱ्यांची मजुरी फार नाही.

आता लागवडीचे. चार-पाच माणसांच्या घराला दहा-बारा झाडे पुष्कळ झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री हे वाण आहेत. बोकड्याचा त्रास असेल तेथे बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक घ्यावा, मात्र तो संकरित असल्याने घरचे बी पुढे धरू नये. रोपांवर बारीक विणीची नायलॉन जाळी टाकावी व २५ ते ३० दिवसांची रोपे सायंकाळी लावावीत. वांगी, मिरची, बटाटा होता ती जागा टाळावी. आणि तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना शिवू नका! तंबाखूतून येणारा केवडा रोग टोमॅटोलाही होतो. हात साबणाने धुवून मगच वाफ्यात जावे.

खत म्हणून कारखान्याचे प्रेसमड चालते, पण पुरते कुजलेले. ताजे टाकल्यास तापते आणि मुळ्या भाजतात. मोरीचे पाणी द्यायला हरकत नाही, कपडे धुतलेले सोड्याचे पाणी मात्र वेगळे काढावे.

फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो, त्याला पुष्कळजण कीड समजतात. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असे झाले की झाडाला चुना फळापर्यंत पोचवता येत नाही, त्याचा तो डाग. विजेच्या वेळा आपल्या हाती नाहीत, पण पाचट आहे. झाडाच्या बुडाशी चार बोटे जाड पाचट अंथरले म्हणजे ओल टिकते. झाडाला तुराटीचा आधार द्यावा, फळ मातीला लागू देऊ नये.

कडेने झेंडूची दहा-पाच रोपे लावावीत. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूवर अंडी घालतो, आणि दिवाळीला फुलेही घरची होतात. त्यासाठी झेंडू मात्र टोमॅटोच्या बराच आधी लावायला हवा.